तारीख ठरली, पहिल्या तासाचे काय?

मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांच्या मधल्या राहू बेटात गाय व्याली, की काय करायचे ते घरातल्या कुणाला शिकवावे लागत नाही. गाय वासराला चाटत असते, तोवर कुणीतरी कास कोमट पाण्याने धुऊन घेते आणि वासराचे तोंड सडाला लावते. वासरू उठत नसेल तर चीक काढून पाजला जातो. त्याचे पोट भरल्यावर जो चीक उरतो, त्याचा खरवस होतो आणि वाटीवाटीने शेजारी जातो. चीक वेळेत मिळाला नाही तर वासराला हगवण लागते आणि ते हातचे जाते, हे डेअरीला दूध घालणारे प्रत्येक घर जाणते.

त्याच घरातल्या लेकीचे ठरवून सिझर होते, तेव्हा मात्र चित्र वेगळे दिसते. बाळ दुपट्यात गुंडाळून बाहेर आणले जाते. मोबाइलवर फोटो निघतात, पेढ्यांचा पुडा फुटतो. कुणीतरी वडीलधारे बोटाने मध किंवा गुळाचे पाणी चाटवते. गुऱ्हाळांच्या मुलखात गूळ तर घरचाच असतो. आई अजून आत टेबलावर असते, तिचे टाके घालणे चालू असते. ती खोलीत येते तेव्हा 'आता तिला पडू द्या, अंगात भूल आहे, दूध काही तीन दिवस उतरायचे नाही' असे सगळेच म्हणतात. मग पावडरच्या दुधाचा डबा येतो, बाटली येते. वासराला जे पहिल्या तासाच्या आत मिळाले, ते नातवाला मिळायला दुसरा-तिसरा दिवस उजाडतो.

यात कुणाचाही हेतू वाईट नसतो. लेकीला त्रास नको आणि बाळ उपाशी नको, एवढीच सगळ्यांची इच्छा असते. पण ठरवून केलेल्या सिझरमध्ये एक सोय असते, तिचा उपयोग फारच थोडी कुटुंबे करतात. इथे दिवस आधी ठरलेला असतो. भूल कोणती द्यायची, रक्ताची पिशवी लागेल का, सोबत कोण थांबणार, गाडी कुणाची, हे सगळे आठवडाभर आधी बोलले जाते. जन्मानंतरच्या पहिल्या तासात बाळ कुठे असेल आणि त्याच्या तोंडात काय जाईल, एवढेच कुणी ठरवत नाही.

रुग्णालय गाठले, पण तास हुकला

हा प्रश्न आता थोड्या घरांपुरता उरलेला नाही. २०१९ ते २१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १०० पैकी २५ बाळंतपणे सिझरने झाली. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा २० होता. देशभरातल्या खासगी रुग्णालयांत तर जवळपास निम्मी, म्हणजे ४७ टक्के बाळंतपणे सिझरने होतात. सरकारी रुग्णालयांत हेच प्रमाण १४ टक्के आहे.

याच पाहणीतले आणखी दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. देशात ८८ टक्क्यांहून अधिक बाळंतपणे आता रुग्णालयांत होतात. जन्मल्यापासून तासाभरात अंगावर पाजलेल्या बाळांचे प्रमाण मात्र सुमारे ४२ टक्केच आहे. बाळ डॉक्टर आणि परिचारिकांच्या हाती जन्माला येते, तरी पहिला तास हुकतो. राहूत प्राथमिक आरोग्य केंद्र असले तरी सिझरसाठी दौंड किंवा पुणे गाठावे लागते. तिथे ओळखीची आशाताई नसते, आजीचा शब्दही चालत नाही. जे आधी ठरवलेले नसते ते गडबडीत राहून जाते.

सिझर झालेल्या आयांना दूध कमी येते, हा समज मात्र तपासून घ्यायला हवा. ३३ देशांतल्या ५३ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन गोष्टी दिसल्या. कळा येण्याआधीच सिझर झालेल्या आयांमध्ये सुरुवातीचे स्तनपान खरोखरच कमी होते. पण ज्यांनी एकदा पाजायला सुरुवात केली, त्यांच्यात सहा महिन्यांनंतर सिझर झालेल्या आणि नैसर्गिक बाळंतपण झालेल्या आयांमध्ये फरक उरला नाही. म्हणजे अडचण सुरुवात होण्याची आहे. ती निभावली की पुढची वाट सारखीच.

दूध उतरण्याचा इशारा वार देते

चीक बाळंतपणानंतर तयार होत नाही. गरोदरपणाच्या मध्यापासूनच तो स्तनांत तयार होऊ लागतो. भरपूर दूध तेवढे थांबलेले असते, कारण वारेतून येणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक त्याला आवर घालत असते. वार बाहेर पडली की हे संप्रेरक झपाट्याने उतरते आणि दूध तयार करणाऱ्या प्रोलॅक्टिनला मोकळीक मिळते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान स्तन भरून येतात. सिझरमध्येही वार बाहेर काढलीच जाते. त्यामुळे दूध उतरण्याचा इशारा शरीराला दोन्हीकडे मिळतो.

तरीही सिझरनंतर दूध उतरायला थोडा जास्त वेळ लागू शकतो. त्याची कारणे बहुतेक वेळा आजूबाजूला सापडतात. बाळ आईपासून दूर राहते, पहिल्यांदा ओढायला उशीर होतो, टाके दुखतात, कूस बदलता येत नाही. कळा आलेल्या नसल्यामुळे पान्हा सोडणाऱ्या ऑक्सिटोसिनची लयही मागे पडते. रक्तस्राव जास्त झाला, आईला मधुमेह असला किंवा वजन जास्त असले, तरी एखादा दिवस पुढे जातो. यातल्या काही गोष्टी आपल्या हातात नाहीत. पण बाळ लवकर जवळ घेणे, ते वारंवार ओढेल असे पाहणे आणि आईचे दुखणे आटोक्यात ठेवणे, ही तिन्ही कामे माणसांच्या हातची आहेत.

'एवढ्याशा चिकाने काय होणार', हाही नेहमीचा प्रश्न. पहिल्या २४ तासांत बाळ एका वेळेला साधारण २ ते १० मिलिलिटर चीक घेते, म्हणजे फार तर दोन लहान चमचे. त्याच्या जठराची तेव्हाची गरजच तेवढी असते. वासराला रोगप्रतिकारक द्रव्ये जवळजवळ सगळी चिकातूनच मिळतात. माणसाच्या बाळाला त्यातली काही वारेतून आधीच मिळालेली असतात. पण आतड्याच्या आतल्या बाजूला संरक्षक लेप द्यायचे काम चीकच करतो. सिझरच्या बाळाला तर त्याची गरज अधिक, कारण नैसर्गिक जन्मात आईकडून मिळणारे उपयोगी जंतू त्याला त्या वाटेने मिळालेले नसतात. बोटावरचा मध ही जागा घेऊ शकत नाही. उलट वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम हा दुर्मीळ पण जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो.

मुहूर्त काढण्याआधी

ठरवून सिझर म्हटले की अनेक घरांत पंचांग उघडले जाते. चांगला दिवस पाहण्याची इच्छा समजण्यासारखी आहे. पण त्यासाठी तारीख दोन आठवडे अलीकडे ओढली, तर त्याची किंमत बाळ मोजते. वैद्यकीय कारण नसताना ठरवून करायचे सिझर ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी करू नये, असे तज्ज्ञ सांगतात. ३७व्या आठवड्यात कळांशिवाय काढलेल्या बाळाच्या फुप्फुसांत पाणी राहून धाप लागण्याची शक्यता जास्त असते. असे बाळ नवजात कक्षात जाते, आई वरच्या मजल्यावर राहते आणि पहिल्या तासाबरोबर पहिले दोन दिवसही हातचे जातात. शिवाय अशा बाळाची ओढण्याची ताकदही कमी असते. पंचांग पाहायचेच असेल, तर ३९ आठवड्यांनंतरच्या दिवसांत पाहावे. बीपी वाढणे, बाळाची वाढ खुंटणे, वार खाली असणे अशा कारणांनी डॉक्टरांनी आधीची तारीख दिली असेल, तर मात्र ती पुढे ढकलू नये.

शेवटच्या तपासणीला जाताना कुटुंबाने चार गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात. भूल कमरेत देणार की पूर्ण? आई-बाळाची तब्येत ठीक असेल तर बाळाला टेबलावरच तिच्या छातीशी देता येईल का? टाके घालून होईपर्यंत बाळ कुणाजवळ असेल? आणि गरज पडली तर चीक काढून द्यायला कोण शिकवेल? या प्रश्नांत कुणाला अवघडल्यासारखे वाटण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९१ मध्ये बालस्नेही रुग्णालय योजना सुरू केली, तेव्हापासून लवकर स्तनपान हा रुग्णालयाच्या कामाचाच भाग मानला जातो. त्याच वर्षी वर्ध्यात भारतीय स्तनपान प्रोत्साहन संघटनेची स्थापना झाली. केंद्र सरकारने २०१६ मध्ये स्तनपानासाठी 'मा' हा कार्यक्रम आणला, तर २०१७ मधल्या 'लक्ष्य' कार्यक्रमाने प्रसूती कक्षाबरोबर प्रसूतीच्या शस्त्रक्रियागृहाचा दर्जाही तपासायला घेतला.

टेबलावरची वीस मिनिटे

कमरेतल्या भुलेत आई जागी असते, बोलत असते. बाळ बाहेर आल्यावर उरलेली शस्त्रक्रिया साधारण अर्धा-पाऊण तास चालते. हा वेळ वाया घालवायचे कारण नाही. बाळ रडले, श्वास नीट आहे असे दिसले, की त्याला कोरडे करून, डोक्याला टोपी घालून आईच्या छातीवर आडवे ठेवता येते आणि वरून कोमट कापड घालता येते. कातडीला कातडी लागली की बाळाची ऊब टिकते, श्वास स्थिर होतो आणि ते स्वतःच तोंडाने शोधू लागते. लंडनच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये अशा आईकेंद्री सिझरची पद्धत सविस्तर मांडली. तिला कोणतेही महागडे यंत्र लागत नाही.

त्यासाठी तयारी लागते ती साधी. आईचा गाऊन समोरून उघडणारा असावा. हृदयाचे ठोके दाखवणारी चिकटपट्टी छातीच्या मधोमध न लावता खांद्याकडे किंवा पाठीकडे लावावी. सलाईन ज्या हाताने बाळ धरायचे त्या हाताला नसावे. खोलीचे एसी फार गार नसावे. वजन करणे, के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन अशी कामे तासाभराने केली तरी चालतात, अंघोळ तर किमान २४ तास नको. मात्र एक नियम मोडू नये. छातीवरच्या बाळाकडे एका माणसाचे सतत लक्ष असावे. नाक मोकळे, तोंड दिसते आहे आणि रंग गुलाबी आहे, हे पाहत राहावे. भुलेच्या गुंगीतल्या आईवर ही जबाबदारी टाकता येत नाही.

पूर्ण भूल द्यावी लागली, रक्तस्राव झाला किंवा बाळाला श्वासासाठी मदत लागली, तर हे सगळे लांबते आणि लांबायलाच हवे. अशा वेळी बाळ ठणठणीत असेल तर वडिलांनी किंवा आजीने सदरा उघडून त्याला उघड्या छातीशी धरावे. आई शुद्धीवर येऊन बोलू लागली, की लगेच तिच्याकडे द्यावे. तास हुकला म्हणजे सगळे संपले असे नाही. दुसऱ्या तासाला सुरुवात केली तरी ती तिसऱ्या दिवसापेक्षा खूप आधीची असते.

पहिली रात्र

खोलीत आल्यावर खरी परीक्षा सुरू होते. आईला पाठीवर सरळ झोपून पाजता येत नाही, आणि बाळ पोटावर घेतले तर टाक्यांवर लाथ बसते. दोन पद्धती उपयोगी पडतात. पहिली कुशीवर झोपून: सोबतच्या बाईने आईला कुशीवर वळवावे, पाठीला आणि गुडघ्यांमध्ये उशी द्यावी आणि बाळाला तिच्याकडे तोंड करून पोटाशी पोट लावावे. दुसरी बसता येऊ लागल्यावर: बाळाचे अंग आईच्या काखेखाली, पाय मागच्या बाजूला आणि डोके तिच्या तळहातावर. यात पोटावर काहीच भार येत नाही. बाळाच्या तोंडात नुसती बोंडी न जाता भोवतीचा बराचसा काळा भाग जायला हवा. हनुवटी स्तनाला टेकलेली हवी. पाजताना चिमटे बसल्यासारखे दुखत राहिले, तर पकड चुकली आहे असे समजून पुन्हा लावावे.

सलाईन जास्त गेले असेल तर स्तनही सुजल्यासारखे होतात आणि बोंडी आत जाते. अशा वेळी बोटांच्या टोकांनी काळ्या भागावर मिनिटभर हळूच आत दाब द्यावा. तो मऊ पडला की बाळाला धरता येते. बाळ झोपाळू असेल, ओढत नसेल, तर पहिल्या काही तासांतच हाताने चीक काढावा. अंगठा आणि तर्जनी काळ्या भागाच्या कडेला ठेवून आधी छातीकडे आणि मग एकमेकांकडे दाबावे. थेंब थेंब निघतो, म्हणून यंत्रापेक्षा हात बरा. तो उकळून घेतलेल्या वाटी-चमच्याने किंवा स्वच्छ बोंडल्याने पाजावा. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणे किंवा काढणे हे ध्यानात ठेवावे.

दुखणे सोसत पाजण्यात काही मोठेपणा नाही. दुखणाऱ्या आईचा पान्हा अडतो. कमरेतल्या भुलेची औषधे दुधात नगण्य उतरतात. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही नेहमीची वेदनाशामके पाजणाऱ्या आईला चालतात, नेहमीची प्रतिजैविकेही चालतात. कोडीन किंवा ट्रामाडॉलसारखी गुंगी आणणारी औषधे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. 'तिने दोन दिवस काही खाल्ले नाही, दूध कुठून येणार' ही काळजीही सोडावी. चीक आधीच तयार असतो. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पाणी, पेज, मग नेहमीचे जेवण सुरू करावे. डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर आईच्या अंगाला लागते, पण दूध वाढवते ते बाळाचे ओढणे.

वरचे दूध लागले तर

काही बाळांना खरोखरच वरचे दूध लागते. मधुमेही आईचे बाळ, कमी वजनाचे बाळ, रक्तातली साखर उतरलेले बाळ अशांना डॉक्टर सांगतात तेव्हा ते द्यावेच. ते औषधासारखे मोजून, वाटी-चमच्याने आणि गरज असेल तोवरच द्यावे. आईने त्यात हार मानू नये. ती पाजत आणि काढत राहिली की हळूहळू वरचे बंद होते. दान केलेले आईचे दूध मिळाले तर ते पावडरीपेक्षा उजवे. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. पुण्यात ससून रुग्णालयातही अशी पेढी आहे. पावडरच्या दुधाची जाहिरात करणे, नमुने वाटणे, रुग्णालयात त्याचा प्रचार करणे हे १९९२ च्या कायद्याने बंद आहे. सल्ल्याशिवाय कुणी डबा पुढे केला, तर 'कशासाठी?' असे विचारायचा आईला पूर्ण हक्क आहे.

वजनाचीही एक गोष्ट सांगून ठेवावी लागते. आईला गेलेल्या सलाईनचे काही पाणी बाळाच्या अंगातही जाते. ते पहिल्या दिवसात लघवीवाटे निघून जाते, म्हणून सिझरच्या बाळाचे वजन सुरुवातीला जरा जास्त उतरलेले दिसते. केवळ तेवढ्यावरून 'दूध पुरत नाही' असा निष्कर्ष काढू नये. पण घट १० टक्क्यांकडे गेली तर डॉक्टरांनी बाळ आणि पाजणे दोन्ही पाहायला हवे.

घरी आल्यावर

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातल्या सिझरच्या बाळंतिणीला सात दिवसांपर्यंत जेवण, औषधे आणि घरी जाण्याची गाडी मोफत मिळते. पाचवीची पूजाही मग अनेकदा रुग्णालयात असतानाच येते. आशाताईची घरभेट नेहमीच्या बाळंतपणात तिसऱ्या दिवशी सुरू होते. सिझरची आई उशिरा घरी येत असल्यामुळे तिच्याकडे ती बहुधा सातव्या दिवशी पोहोचते. म्हणजे दूध उतरण्याचे सगळे दिवस रुग्णालयातच सरतात. म्हणून घरी निघण्याआधी परिचारिकेसमोर एकदा पूर्ण पाजून दाखवावे आणि चुकत असेल ते तिथेच सुधारून घ्यावे.

घरी आल्यावर मोजायच्या गोष्टी सोप्या आहेत. पहिल्या दिवशी निदान एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा लघवी आणि पाचव्या दिवसापासून सहा वेळा किंवा जास्त. काळी शी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हायला हवी. दोन आठवड्यांत वजन पुन्हा जन्माइतके यावे. बाळ उठवूनही पीत नसेल, सुस्त पडले असेल, लघवी कमी होत असेल, पिवळेपणा पायांपर्यंत उतरला असेल, अंग तापले किंवा गार पडले असेल, तर घुटी देत बसू नये. त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. आईच्या टाक्यांतून पू आला, ताप आला किंवा स्तनात लाल, दुखरी गाठ आली, तरी तेच करावे. स्तनाला गाठ आली म्हणून पाजणे थांबवू नये.

या सगळ्यात सर्वांत मोठे काम आजीचे आहे. शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी बाळ पहिल्यांदा तिच्याच हातात येते. गोठ्यातल्या वासराच्या वेळी ती जशी कुणाला विचारत नाही, तशीच इथेही ती ठाम राहिली, तर गुळाचे बोट मागे सरते आणि बाळ वेळेवर आईकडे जाते. बाहेर आलेल्या परिचारिकेला तिने एवढेच विचारावे: 'बाळ लेकीजवळ कधी देता?'